परवाना कर्नाटकचा, मुक्काम सोलापूरचा : एका शस्त्र परवान्याच्या बदलीचं प्रकरण

अर्जदार साठी ओलांडलेले. मूळ गाव उत्तर सोलापूर तालुक्यात, पण उमेदीची सगळी वर्षं कर्नाटकातल्या सीमेलगतच्या एका जिल्ह्यात बी-बियाण्यांच्या दुकानात गेली. जिल्ह्याचं नाव देत नाही, माणसाचंही नाही. घरात त्यांना सगळे अण्णा म्हणतात, आपणही तेच म्हणू. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. कोणता कागद कोणत्या कागदाच्या आधी गेला, एवढं मात्र जसंच्या तसं ठेवलं आहे, कारण या प्रकरणात दुसरं काही महत्त्वाचं नाही.

अण्णांकडे दोन हत्यारं होती. एक वडिलांकडून आलेली बारा बोअरची दुनळी बंदूक. दुसरं कानपूरच्या सरकारी कारखान्यातलं .३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर, १९९९ साली घेतलेलं. त्या काळी खेड्यापाड्यांतून उधारी वसूल करून संध्याकाळी रोख घेऊन परतायचं असायचं, म्हणून स्वसंरक्षणासाठी परवाना मिळाला होता. दोन्हींचा परवाना एकच, तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांनी दिलेला. क्षेत्राच्या रकान्यात ‘कर्नाटक राज्य’. मुदत ३१ डिसेंबर २०२४.

त्या वर्षी त्यांनी दुकान विकलं आणि अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त धरून, १० मे २०२४ ला, सोलापुरात मुलाकडे बिऱ्हाड हलवलं. हत्यारं मात्र हलली नव्हती. लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली होती आणि तिथल्या आदेशाप्रमाणे दोन्ही हत्यारं त्यांनी तिकडच्याच पोलीस ठाण्यात जमा केली होती. आचारसंहिता नसती तर रिव्हॉल्व्हर गादीच्या वळकटीत घालून टेम्पोबरोबर आलं असतं, असं मुलानेच नंतर हसत सांगितलं. ४ जूनला निकाल लागला, पाठोपाठ ठाण्यातून फोन आला, ‘हत्यारं घेऊन जा.’ बाप-लेक आमच्याकडे आले ते या फोननंतर.

मुलाचं म्हणणं असं, की रविवारी गाडी काढू, घेऊन येऊ, तासा-दोन तासांचं काम. कोण बघतंय? अण्णांचा प्रश्न वेगळा होता आणि त्यात राग होता. ‘‘वकीलसाहेब, परवाना काय पाकिस्तानचा हाय का? कायदा सगळ्या देशाला एकच. मग भीमा ओलांडली की मी गुन्हेगार कसा होतो?’’

प्रश्न बिनतोड आहे. शस्त्र अधिनियम १९५९ चा, केंद्राचा. त्याखालचे नियम २०१६ चे, तेही केंद्राचे. १९६२ चे जुने नियम त्यांनी मोडीत काढले. पण कायदा देशाचा असला तरी परवाना देशाचा नसतो. तो एका अधिकाऱ्याने, एका पत्त्यावर, एका क्षेत्रापुरता दिलेला असतो, आणि ते क्षेत्र परवान्याच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. कोणाच्या पुस्तकात जिल्हा असतो, कोणाच्या राज्य, क्वचित कोणाच्या संपूर्ण भारत. अण्णांच्या पुस्तकात कर्नाटक होतं. टाकळीचा पूल असो नाहीतर अक्कलकोटच्या पुढची हद्द, तिच्या अलीकडे ते पुस्तक त्यांच्या रिव्हॉल्व्हरला पांघरूण घालत नव्हतं.

इथे कलमांचा फरक समजून घ्यायला हवा, कारण लोक दोन टोकं गाठतात. काही उगाच घाबरतात, काही अजिबात घाबरत नाहीत. परवान्याची अट मोडली तर कलम ३०: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. परवानाच नसताना हत्यार बाळगलं तर कलम ३ आणि २५: २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन आणि कमाल पाच वर्षं. वैध परवाना आहे, पण हत्यार क्षेत्राबाहेर सापडलं, तर ते कोणत्या खान्यात बसतं यावर वकील भांडतील, आणि बहुधा अटभंगाच्या बाजूने चांगलं भांडता येईल. पण ते भांडण हत्यार जप्त झाल्यावर आणि पंचनामा झाल्यावर सुरू होतं. शिवाय बदलीची जी फाईल नंतर टेबलावर जाणार, तिच्या पहिल्याच पानावर तो गुन्हा चिकटतो. म्हणून रविवारची गाडी रद्द केली.

मग पहिलं काम काय? हत्यार ठाण्यातून घ्यायचं होतं, कारण निवडणूक संपल्यावर ठाणं ते ठेवून घेत नाही. सोलापूरला आणायचं नव्हतं. तिकडचं घर तर रिकामं झालेलं. उरला एकच मार्ग: तिथल्याच जिल्ह्यातल्या परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे सुरक्षित ठेव म्हणून जमा करणं. अण्णा ठाण्यातून हत्यारं घेऊन थेट दुकानात गेले, पावती घेतली, आणि तिची झेरॉक्स ठाण्यातही दिली. विक्रेता महिन्याचं भाडं घेतो, तेलपाण्याचे वेगळे पैसे घेतो. अण्णांना ते जिवावर आलं. पण पुढचं अर्धं वर्ष कोणीही ‘हत्यार कुठं आहे?’ असं विचारलं की दाखवायला एक कागद होता, आणि ते प्रत्येक टेबलावर विचारलं गेलं.

दुसरं काम पत्राचं. परवान्याच्या अटींत एक अट असते, जी पुस्तकाच्या शेवटच्या पानांवर बारीक अक्षरात छापलेली असते आणि कोणी वाचत नाही. राहण्याचं ठिकाण कायमचं बदललं, किंवा तात्पुरतं पण तीस दिवसांपेक्षा जास्त, आणि हत्यार सोबत नेलं, तर तीस दिवसांच्या आत जुन्या आणि नव्या, दोन्ही परवाना अधिकाऱ्यांना कळवायचं. नव्या अधिकाऱ्याने मागितलं की परवाना आणि हत्यार हजर करायचं. बदल कायमचा असेल तर नूतनीकरणाचा अधिकार नव्या ठिकाणच्या अधिकाऱ्याकडे जातो. बदलीचं सगळं कायदेशीर हाड एवढंच. नवा परवाना मिळत नाही, परवाना तोच राहतो. त्याचं पालकत्व एका कार्यालयाकडून दुसऱ्याकडे जातं.

अण्णांनी हत्यार सोबत आणलंच नव्हतं, त्यामुळे तीस दिवस सुरूच झाले नाहीत असं म्हणता आलं असतं. म्हटलं नाही. १० मे पासून मोजून तीस दिवस भरायच्या आत दोन्हीकडे रजिस्टर पोस्टाने पत्रं गेली. पत्रात शोभेचं काही नव्हतं: परवान्याचा क्रमांक, यूआयएन (संगणकीय नोंदीतला परवानाधारकाचा क्रमांक), जुना पत्ता, नवा पत्ता, स्थलांतराची तारीख, आणि शेवटी एक वाक्य: ‘माझी दोन्ही शस्त्रे सोबतच्या पावतीप्रमाणे परवानाधारक विक्रेत्याकडे जमा असून ती मी महाराष्ट्रात आणलेली नाहीत.’ या वाक्याने पुढे जेवढं काम केलं तेवढं आमच्या कुठल्याही युक्तिवादाने केलं नाही.

पत्ता कोणता द्यायचा

सोलापूर हा या बाबतीत जरा फसवा जिल्हा आहे. शहरात पोलीस आयुक्तालय आहे, म्हणून शहरात राहणाऱ्याचा परवाना अधिकारी पोलीस आयुक्त. शहराची हद्द सोडली की ग्रामीण पोलीस, आणि तिथे परवाना अधिकारी जिल्हाधिकारी. मोहोळचा, बार्शीचा, पंढरपूरचा माणूस जिल्हाधिकारी कार्यालयात जातो. जुळे सोलापूरचा माणूस आयुक्तालयात. बाहेरून आलेल्याला हे माहीत नसतं. तो ‘कलेक्टर’ म्हणून पत्र लिहितो आणि ते पत्र महिनाभर इकडून तिकडे फिरत राहतं.

अण्णांकडे दोन पत्ते होते. एक मुलाचा शहरातला फ्लॅट, दुसरं नान्नजच्या बाजूला वडिलोपार्जित शेत आणि शेतातलं दोन खोल्यांचं घर. त्यांचा ओढा शेताच्या पत्त्याकडे. गावचा पोलीस पाटील ओळखीचा, तलाठी ओळखीचा, चौकशीला आलेल्या हवालदाराला चहा पाजून सगळं नीट होईल असा त्यांचा हिशेब. शिवाय रानडुकरं.

आम्ही नाही म्हटलं, त्याला दोन कारणं. सरळ कारण असं की ते तिथे राहत नव्हते. परवान्याचा पत्ता म्हणजे रात्री हत्यार ज्या कपाटात असतं तो पत्ता. आधार एकीकडे, मतदार यादी दुसरीकडे आणि प्रत्यक्ष झोपायला तिसरीकडे, असं पडताळणीत दिसलं की अहवालात ‘अर्जदार सदर पत्त्यावर वास्तव्यास आढळून आला नाही’ ही ओळ येते. ती ओळ पुसायला वर्ष जातं.

दुसरं कारण नान्नजचं. माळढोक अभयारण्य १९७९ चं. तेव्हा ते सोलापूर आणि अहमदनगर मिळून ८,४९६ चौरस किलोमीटर पसरलं होतं. पुढे ते छाटून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं, पण नान्नजचं माळरान त्यात राहिलंच. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ३४ प्रमाणे अभयारण्यात किंवा त्याच्या दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या शस्त्र परवानाधारकाची नोंद मुख्य वन्यजीव रक्षकाकडे असावी लागते, आणि त्या दहा किलोमीटरांत नवा परवाना द्यायचा तर त्यांची आधी संमती लागते. अण्णांचा परवाना नवा नव्हता, बदलीचा होता. संमतीची गरज नाही असं मांडता आलं असतं. पण फाईल वनखात्याच्या वाटेला लागली की परत कधी येईल हे सांगता येत नाही. आणि रानडुकरांसाठी म्हणाल तर स्वसंरक्षणासाठी दिलेलं रिव्हॉल्व्हर पीक राखायला नाहीच. पीक संरक्षणासाठी कायद्याने जी बंदूक सांगितली आहे ती ठासणीची.

‘‘म्हणजे माझ्याच रानात माझं हत्यार न्यायचं नाही?’’ अण्णांनी विचारलं.

तेव्हा उत्तर दिलं, आधी सोलापुरात तर येऊ द्या. पत्ता शहरातलाच ठरला. आधार त्या पत्त्यावर बदललं, मुलाचं संमतीपत्र घेतलं, वीजबिल जोडलं.

नाहरकत आणि एक आकडा

जुन्या जिल्ह्याकडून नाहरकत प्रमाणपत्र आणि ऑनलाइन नोंदीचं हस्तांतरण, या दोन गोष्टी लागतात. पूर्वी नुसतं पत्र चालायचं. आता प्रत्येक परवानाधारकाला एक यूआयएन असतो, देशभरच्या शस्त्र परवान्यांच्या संगणकीय नोंदीतला क्रमांक, आणि जुन्या कार्यालयाने संगणकावर नोंद सोडल्याशिवाय नव्या कार्यालयाला ती उघडून त्यात काही करता येत नाही. हातात शिक्क्याचं पत्र आहे पण संगणकावर फाईल जुन्याच जिल्ह्यात, असे लोक आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. ते पत्र घेऊन हेलपाटे मारतात आणि नव्या कार्यालयाला शिव्या देतात. दोष तिथे नसतो.

अण्णांचा अर्ज जुलैत गेला. तिकडच्या पोलिसांचा अहवाल स्वच्छ आला: गुन्हा नाही, तक्रार नाही. नाहरकत तयार व्हायच्या बेतात असताना दुनळीचा क्रमांक आडवा आला. पुस्तकात हाताने लिहिलेल्या क्रमांकात शेवटून दुसरा आकडा ३, संगणकावर ८. कोणाची चूक म्हणायची? चाळीस वर्षांपूर्वीची दौतीची शाई, त्यावर नूतनीकरणाचे शिक्के, पान मधोमध दुमडलेलं. तो आकडा आम्हालाही कधी ३ दिसायचा, कधी ८.

खरं काय ते बंदुकीलाच विचारायला हवं होतं. विक्रेत्याच्या दुकानात अण्णांनी बंदूक काउंटरवर आडवी ठेवली. नळ्या सांध्यात उघडून, घोड्याच्या वरच्या बाजूला जिथे क्रमांक कोरलेला असतो तिथे तेल आणि धूळ मिळून काळा थर झालेला. विक्रेत्याने रॉकेलच्या फडक्याने तो पुसला, कोरड्या फडक्याने पुन्हा पुसलं, मग शाळेतल्या खडूचा तुकडा त्यावर आडवा घासला आणि बोटाने वरवरचा खडू झटकला. खोबणीत पांढरा राहिला. ३. वरचं टोक सपाट असलेला, जुन्या धाटणीचा ३. नळीवर आणि दस्त्याजवळच्या लोखंडावर दोन्हीकडे तोच. मोबाइलवर फोटो काढले, विक्रेत्याने आपल्या लेटरहेडवर तपासणीचा दाखला दिला, आणि दुरुस्तीचा अर्ज जुन्याच कार्यालयात गेला.

‘सोलापुरात आल्यावर दुरुस्त करू’ हा मोह इथे टाळावा लागतो. नवं कार्यालय दुसऱ्याने केलेली हत्याराची नोंद स्वतःहून बदलत नाही, आणि बदलूही नये. क्रमांक न जुळणारं हत्यार म्हणजे कागदावर दुसरंच हत्यार, म्हणजे हातातलं हत्यार विनापरवाना. ज्यांच्याकडे जुनी, वारसाने आलेली बंदूक आहे त्यांनी बदलीचा विचार मनात यायच्या आधीच पुस्तक, संगणक आणि लोखंड हे तिन्ही एकदा जुळवून पाहावं.

काडतुसांचा हिशेबही तिथेच झाला. रिव्हॉल्व्हरच्या खरेदीच्या नोंदी आणि हातातली काडतुसं यांत सहाचा फरक. अण्णा आधी म्हणाले, जुनी होती, खराब झाली. मग म्हणाले, भावाच्या मुलाच्या लग्नात. कुठलं लग्न, कुठलं वर्ष, हे आम्ही विचारलं नाही. आनंदाच्या भरात हवेत गोळीबार करणं २०१९ च्या दुरुस्तीने स्वतंत्र गुन्हा झालं आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड. लग्न त्याच्या आधीचं होतं एवढं त्यांनी आपणहून सांगितलं. काडतुसांचा तपशील अर्जात आहे तसा, शिल्लक आहे तेवढाच लिहिला.

याच टप्प्यावर दुनळीचा निर्णय झाला. दोन हत्यारं कायद्यात बसतात; २०१९ मध्ये कमाल मर्यादा तीनवरून दोनवर आली. पण प्रश्न कायद्याचा नव्हता. फ्लॅट दोन बेडरूमचा, घरात दोन नातवंडं, बंदूक लांबलचक. ती ठेवायची कुठे, तिचा उपयोग काय, याचं उत्तर अण्णांकडे नव्हतं. वडिलांची आठवण एवढंच होतं. आमचं मत आम्ही स्पष्ट सांगितलं: आठवणीसाठी फोटो ठेवा, आठवणीसाठी परवाना ठेवू नका. बदलीत प्रत्येक हत्यारामागे तपासणी, प्रवास आणि नोंद वाढते. चार दिवस त्यांनी फोन उचलला नाही. मग स्वतःच येऊन म्हणाले, विकून टाका. परवाना अधिकाऱ्यांच्या परवानगीने त्याच विक्रेत्याला बंदूक विकली आणि पुस्तकातून तिची नोंद कमी केली. ज्या आकड्यासाठी एवढा खटाटोप केला तो शेवटी विक्रीच्या कागदावर कामी आला.

नाहरकत आणि संगणकीय हस्तांतरण ऑक्टोबरच्या सुरुवातीला मिळालं.

सोलापूरचं टेबल

सोलापुरात अर्ज गेला आणि आठवड्याच्या आत, १५ ऑक्टोबरला, विधानसभेची आचारसंहिता लागली. मतदान २० नोव्हेंबरला. हे दिवस म्हणजे शस्त्र परवान्याच्या शाखेत काम थांबण्याचे नव्हेत, उलट वाढण्याचे. पण ते काम हत्यारं जमा करून घेण्याचं असतं. कोणाची जमा करायची, कोणाला सूट द्यायची हे छाननी समिती ठरवते, ठाण्यातला प्रत्येक माणूस बंदोबस्तात असतो, आणि पत्ता बदलून आलेल्या एका म्हाताऱ्याची पडताळणी कोणाच्या यादीत वर नसते. याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. अण्णांचं हत्यार महाराष्ट्रात नव्हतंच, त्यामुळे जमा करायचा प्रश्नही नव्हता. पावतीची प्रत तेवढी दिली.

टेबलावरच्या लिपिकाने पुस्तक हातात घेतल्यावर पहिला प्रश्न केला, ‘‘जम्मूचा नाही ना?’’ जुनी कानडी नोंद बघून तो स्वतःच हसला आणि ती वाचूनही दाखवली. सोलापुरात कानडी वाचणारा माणूस शोधावा लागत नाही. पण त्याचा प्रश्न थट्टेचा नव्हता. जम्मू-काश्मीरमध्ये २०१२ ते २०१६ या काळात २ लाख ७८ हजारांहून जास्त परवाने अपात्र लोकांना दिले गेल्याचा आरोप सीबीआयच्या तपासात पुढे आला, आणि तेव्हापासून परराज्यातला कुठलाही परवाना सगळीकडे आधी संशयाने उलटून पाहिला जातो. बँकेच्या किंवा एटीएमच्या दारावर उभं राहायचं म्हणून लष्करातून निवृत्त झालेले कितीतरी जवान असे परवाने घेऊन येतात. त्यातले बरेच प्रामाणिक असतात, एजंटाने काय केलं हे त्यांना माहीतही नसतं. त्यांच्या बाबतीत मूळ जिल्ह्याकडून खातरजमा आल्याशिवाय फाईल हलत नाही. अण्णांची खातरजमा संगणकावरच होती.

खरी अडचण गरजेची. परवाना दिला होता रोकड घेऊन फिरणाऱ्या दुकानदाराला. दुकान विकलं. मग आता हत्यार कशाला? असा प्रश्न विचारायचा नव्या अधिकाऱ्याला पूर्ण हक्क आहे, विशेषतः नूतनीकरण तोंडावर असताना. अण्णांना वाटत होतं शेतीचा सातबारा जोडला की झालं, मालमत्ता आहे म्हणजे हत्यार पाहिजे. हा गैरसमज फार पसरलेला आहे. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही, असं शस्त्र अधिनियमाचं कलम १४ सांगतं. मालमत्ता आहे म्हणून तो द्यावाच लागतो असं कुठेही म्हटलेलं नाही. आम्ही मांडलं ते वेगळं आणि खरं होतं: दुकान गेलं तरी उधारी गेली नव्हती, तिच्या वसुलीचे दोन दावे तिकडच्या कोर्टात चालू होते, आणि त्यातल्या एका प्रकरणात धमकीची तक्रार अण्णांनी पूर्वीच पोलिसांत दिलेली होती. त्या तक्रारीची पोच जोडली. ती नसती तर निकाल काय लागला असता, याचा भरवसा आम्ही दिला नसता.

डॉक्टरांचा शारीरिक आणि मानसिक तंदुरुस्तीचा दाखला, पोलीस ठाण्याची पडताळणी, घरातल्या कपाटाची पाहणी. पाहणीला आलेल्या अंमलदाराने कपाट उघडून बघितलं, हलवून बघितलं, मग विचारलं की काडतुसं याच कप्प्यात का. दुसऱ्या दिवशी अण्णांनी भिंतीला बोल्ट मारून पोलादी पेटी बसवली आणि काडतुसांसाठी वेगळी, वेगळ्या किल्लीची. किल्ली कुठे ठेवणार, हे सुनेने विचारलं. सगळ्या चौकशीतला सर्वांत शहाणा प्रश्न तोच होता.

हत्यार आधी की नोंद आधी

डिसेंबर उजाडला आणि कोंडी झाली. नोंद करायच्या आधी हत्यार बघायला हवं, असं इथलं म्हणणं. आणि नोंद होऊन क्षेत्रात महाराष्ट्र आल्याशिवाय हत्यार हद्दीत आणता येत नाही, असं आमचं. दोन्ही बरोबर. मागे पडलेल्या सगळ्या कागदांचा उपयोग इथे झाला. विक्रेत्याचा तपासणीचा दाखला, क्रमांकाचे फोटो, जुन्या कार्यालयाची दुरुस्त नोंद हे सगळं समोर ठेवून विनंती केली की पत्ता, क्षेत्र आणि नूतनीकरण यांची नोंद आधी व्हावी आणि ठरलेल्या मुदतीत हत्यार हजर करण्याची अट घालावी. तसा आदेश झाला, ३१ डिसेंबरच्या आत. मुदत २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे पाच वर्षांची. पूर्वी तीन असायची.

तो आदेश दाखवून जुन्या जिल्ह्याकडून हत्यार नेण्याची लेखी परवानगी घेतली, त्यात तारीख, गाडीचा क्रमांक आणि मार्ग लिहिलेला. विक्रेत्याकडून रिव्हॉल्व्हर घेताना अण्णांनी ते कमरेला लावायचा एक प्रयत्न केलाच. मुलाने नुसतं बघितलं. चेंबर रिकामं, रिव्हॉल्व्हर चामड्याच्या कव्हरमध्ये, कव्हर कुलपाच्या पेटीत, काडतुसं वेगळ्या डब्यात, कागदांचा संच पुढच्या सीटवर अण्णांच्या मांडीवर. वाटेत कोणीही अडवलं नाही. ‘‘बघा, म्हटलं नव्हतं का,’’ असं मुलगा म्हणाला असणार. आम्ही गाडीत नव्हतो.

गाडी घरी न जाता आधी ठाण्यात गेली. हत्यार दाखवलं, क्रमांक जुळला, रजिस्टरला नोंद झाली.

शेताचा प्रश्न अण्णांनी पुन्हा काढला, आता सोलापूरच्या परवान्यानिशी. क्षेत्रात महाराष्ट्र असल्यामुळे शहरातून शेतात जाताना रिव्हॉल्व्हर सोबत नेता येईल, झाकून आणि ताब्यात ठेवून. तिथेच मुक्काम हलवला तर मात्र पत्ता बदलेल, आयुक्तालयाकडून फाईल जिल्हाधिकाऱ्यांकडे जाईल, आणि वन्यजीव कायद्याच्या कलम ३४ ची नोंदही करावी लागेल. राज्य तेच असलं तरी कळवण्याची अट तीच आहे.

मुलगा काही दिवसांनी एकटाच आला. त्याचं म्हणणं, रिव्हॉल्व्हर आपल्या नावावर करायचं. हे अगदी सुरुवातीलाच सुचवता आलं असतं, आणि सुचवलंही होतं: परवानाधारकाने वयाची सत्तरी गाठली किंवा हत्यार पंचवीस वर्षं बाळगलं, तर ते हयातीतच कायदेशीर वारसाला देण्याची सोय नियमांत आहे. १९९९ चं रिव्हॉल्व्हर २०२४ मध्ये पंचविशीत बसत होतं, मुलगा सोलापूरचाच रहिवासी, राज्याच्या हद्दीची सगळी भानगड टळली असती. अण्णांनी तेव्हा ते उडवून लावलं होतं, ‘‘मी अजून जिवंत हाय.’’ शिवाय मुलाला स्वतःचा परवाना लागला असता, प्रशिक्षणाच्या दाखल्यासकट, आणि गरज त्याने स्वतःची दाखवायला हवी होती. तो आयटी कंपनीचं काम घरून करतो. त्याची गरज काय, हे आम्ही त्याला विचारलं. म्हणाला, घरात आहेच तर माझ्या नावावर असावं. एवढ्या कारणावर अर्ज लिहायला आम्ही नकार दिला आहे. वडिलांशी बोलून दोघांनी मिळून या, असं सांगितलंय.